पत्त्याच्या खणातला पाय

गेल्या वर्षी माझ्या नावाचं एक पाकीट आलं. नाव बरोबर होतं, खाली पिन क्रमांक बरोबर होता. मधे जिथे घर, मजला, रस्ता असायचा, तिथे छापलं होतं: "डावा चवडा पसरट. पस्तीस वर्षं उभं राहून शिकवलेला पाय. फळ्याकडे वळताना सगळा भार उजव्या टाचेवर. बसा म्हटलं तरी बसत नाहीत."

पोस्टमन पाकीट हातात देऊन घुटमळला. म्हणाला, "बाई, रस्त्याचं नाव नाही यावर. पण बसा म्हटलं तरी बसत नाहीत, म्हणजे तुम्हीच. अठरा वर्षं सांगतोय, दारापर्यंत उठून येऊ नका, मी फटीतून टाकतो."

पाकीट रुग्णालयाच्या पादत्राण विभागातून आलेलं होतं. आत काय आहे ते बघण्याआधीच हे कोणी लिहिलं ते मला कळलं. ती आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. सगळे तिला टाचताई म्हणतात.

टाचताई नववीत माझ्या वर्गात होती. तेव्हा मी स्वतःच चोवीस वर्षांची होते. "माझी शाळा" या विषयावर मी निबंध दिला. एकोणचाळीस मुलांनी इमारत, मैदान आणि घंटा लिहिली. या मुलीने पहिल्या पायरीवर पानभर लिहिलं होतं. पायरी डाव्या बाजूला जास्त का झिजली आहे, कोण कुठला पाय आधी टाकतं, उशीर झालेली मुलं पायरीच्या कोणत्या टोकावरून चढतात, असं सगळं. मी दहापैकी नऊ गुण दिले. एक का कापला ते आता आठवत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती रुग्णालयात शिवणकामाला लागली आणि तिथल्या जुन्या उस्तादांच्या हाताखाली पाय शिकली. पाय शिकली हे तिचेच शब्द. ज्यांना बाजारातली चप्पल चालत नाही अशांची पादत्राणं ती बनवते. कोणाचा पाय जन्मतः आखूड, कोणाचा अपघातात मोडून वेडावाकडा जुळलेला, कोणाच्या तळव्याची जाणीव साखरेच्या आजाराने गेलेली. या शेवटच्या मंडळींचं तिला सगळ्यात भय. बुटात एक सुरकुती राहिली तर त्यांना टोचत नाही. टोचत नाही म्हणून ते चालत राहतात, आणि आठ दिवसांनी जखम घेऊन येतात.

तिची कार्यशाळा धुलाईखान्याच्या मागे होती. भिंतीला मांडण्या, मांडण्यांवर कलबुतं, म्हणजे पायाचे लाकडी साचे, प्रत्येकावर क्रमांक. खिडकीशी शिवणयंत्र, मेजावर कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी, आणि कातड्याचा व गोंदाचा वास, जो तिच्या पदराला घरापर्यंत यायचा. माप घेण्याआधी ती माणसाला बाहेरच्या बोळात बारा पावलं चालायला लावायची आणि स्वतः मागून चालायची. मी एकदा विचारलं, मागून का? म्हणाली, "बाई, समोरून बघितलं तर माणूस चालून दाखवतो. मागून बघितलं की चालतो."

तर अशा बाईच्या मेजावर बारा वर्षांपूर्वी संगणक आला, आणि तो आणला तिच्याच नणंदेने.

वन्सं तिच्या समोरच्या दारात राहतात. एकट्या आहेत, रुग्णालयाच्या नोंदणी विभागात आहेत, वहिनीपेक्षा चार वर्षांनी धाकट्या. तरी टाचताई त्यांना "वन्सं, तुम्ही" म्हणते. हा मान आहे की टोमणा, ते प्रसंगावर ठरतं. सगळा जिना त्यांना वन्संच म्हणतो. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच डब्यात आहे. टाचताईकडे चहाच्या डब्यात बटणं असतात, बिस्किटांच्या डब्यात चहा, आणि ती डोळे मिटून हवं ते काढते.

वन्संनी बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रुग्णाला एक पान होतं आणि पानावर खण होते. नाव, वय, पत्ता, पिन क्रमांक, डावं माप, उजवं माप, कातडं, तारीख. सगळ्यात खाली शेरा. शेऱ्यात चाळीस अक्षरं मावत. एकेचाळिसावं दाबलं की यंत्र नुसतं टुक करायचं. टाचताईने पहिल्या आठवड्यातच सगळे खण चाचपून पाहिले, कातड्याला बोट लावून बघावं तसे. तिला शोध लागला की पत्त्याच्या खणाला तळच नाही, कितीही लिहा, मावतं. झालं. तिने पाय पत्त्यात लिहायला सुरुवात केली.

त्यावरून जिन्यात जी जुंपली, ती माझ्या दारासमोर, कारण दोघी कामावरून परतताना तळमजल्यावर दम खायला थांबतात.

"वहिनी, पत्त्याच्या खणात पत्ता लिहायचा असतो."

"वन्सं, आपला पत्ता कोणी विसरत नाही. पाय मात्र कोणालाच आपला धड ठाऊक नसतो. मग मी काय लिहून ठेवू?"

"त्याला शेरा आहे."

"चाळीस अक्षरांचा? त्यात नुसती करंगळी होते."

"मग थोडक्यात लिही."

"तुम्ही चपला थोडक्यात घालता का?"

वन्संचा भाऊ, म्हणजे टाचताईचा नवरा, शाळेची बस चालवतो. दोघींच्या मधे सापडला की म्हणायचा, "मला विचारू नका. मी बूट घालतो आणि गप्प बसतो." मग दोघी माझ्याकडे वळत. बाई, तुम्ही सांगा. मी वन्संना शिस्तीचे गुण द्यायची आणि हिला मजकुराचे, आणि बेरीज सारखीच येईल असं बघायची.

एकदा मात्र वन्संचा टोला लागला. म्हणाल्या, "तुला सापडतं गं सगळं. उद्या तू नसलीस घरात, तर आम्ही बटणांचा चहा प्यायचा का?"

"दूध घालून प्या," टाचताई म्हणाली आणि जिना चढून गेली. पण चढताना हसत नव्हती. निवृत्तीला तेव्हा वर्षच उरलं होतं. तिच्या जागी येणारा माणूस तिच्या तीनशे बारा माणसांना ओळखणार नव्हता.

त्यानंतर तिने वन्संना शब्द दिला की सगळ्यांचे पत्ते भरीन. आणि खरोखर महिनाभर बसून भरले. वन्सं इतक्या खूश झाल्या की त्यांनी वहिनीला नव्या चिठ्ठ्यांचा एक संच भेट दिला. पुढे कार्यशाळा नव्या इमारतीत हलवायची ठरली, तसं कळवणारं पत्र निघालं, आणि वन्संनी निर्धास्तपणे एक कळ दाबून सगळी पाकिटं छापून टाकली. शिपायाने ती बंद करून पोस्टात दिली.

टाचताईने पत्ते भरले होते ते शेऱ्यात.

"चाळीस अक्षरांत पत्ता अगदी नेमका बसतो, वन्सं," ती नंतर सांगत होती. "मी मोजून बघितलं होतं. पायाला जागा कशाला हलवायची, तो आधीच नीट बसलेला होता."

चाळीसेक पाकिटं परत आली. बाकीची पोचली. आमच्या पोस्टमनसारखी जुनी माणसं अजून आहेत म्हणून. बहुतेक लोक हसले. एका गवंड्याने तर पाकीट चौकटीत बसवलं म्हणे, कारण त्याच्या पायाबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं. पण एक बाई कार्यशाळेत आली, दुकानात गल्ल्यामागे बसणारी. कितीतरी वर्षं तिने आपला पाय गल्ल्याआड ठेवला होता, शेजारीपाजारी कोणाला माहीत नव्हतं. तिचं पाकीट शेजारणीच्या हाती पडलं होतं. तिने ते मेजावर ठेवलं आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी जिन्यात वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू लोकांचा पाय चव्हाट्यावर मांडलास."

दुसऱ्या दिवशी टाचताई त्या बाईच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण चार दिवस जिन्यात चकमक झाली नाही. पाचव्या दिवशी बसवाले गृहस्थ खाली येऊन माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "बाई, वर फार शांतता आहे. जेवण घशाखाली उतरत नाही."

तोवर मोठ्या डॉक्टरांचा हुकूम आला होता. पत्त्याचा खण शुक्रवारपर्यंत पुसून साफ करायचा, त्यात पत्तेच हवेत. आणि जे पुसलं जाईल त्याची नक्कल ठेवायची नाही, कागदावर नाही, यंत्रात नाही. "मापं पुरेशी आहेत," ते म्हणाले होते. "बाकीच्या गावगप्पा आहेत." बारा वर्षांचे पाय. उस्तादांनी तोंडी सांगितलेले धरले तर त्याहून जुने. टाचताईची निवृत्ती दोन महिन्यांवर होती, नवा कारागीर सोमवारी यायचा होता, आणि तीनशे बारा माणसं त्याच्यापुढे नुसती मापं घेऊन उभी राहणार होती.

पुसण्याचं काम वन्संकडे होतं. आता, वन्संचा एक नियम आहे, नोंदणी विभागात तीस वर्षांत त्यांनी तो मोडलेला नाही: न वाचता काही फाडायचं नाही. म्हणून त्यांनी पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी त्या एकट्याच खाली थांबल्या. टाचताई पुढे गेली होती. वन्संनी पिशवी पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, एकशे सत्तेचाळिसावी नोंद माझी आहे. स्वतःला कशाला पत्र, म्हणून माझं पाकीट मी काढलंच नव्हतं. कागद आणायची बंदी, म्हणून पाठ करून आणलीये. ऐका."

आठ वर्षांपूर्वी त्यांचा घोटा मोडला होता आणि वहिनीने त्यांना बूट करून दिले होते, ते मला माहीत होतं. जिन्यात उभं राहून, शाळेत कविता म्हणावी तशा सरळ आवाजात त्या म्हणू लागल्या:

"उजवा घोटा मोडून जुळलेला. दुखतं का विचारलं तर नाही म्हणतात. जिना उतरताना भिंतीला हात लावतात, कोणी पाहिलं तर भिंतीवरची धूळ बघितल्यासारखं करतात. विचारू नये. उजवी टाच आतून दोन सूत वर. सांगू नये."

दोन सूत म्हणजे पाव इंच.

"आठ वर्षांत तीन जोड झाले," त्या म्हणाल्या. "तिन्हींत दोन सूत. आणि मला कळलंही नाही."

मग पिशवी उचलता उचलता, "धूळ खरंच असते हं भिंतीवर."

शुक्रवारी त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. टाचताईला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. दार अर्धवट उघडं असल्यामुळे तिला सगळं ऐकू आलं, आणि तिच्याकडून मला.

"खण साफ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"तुम्हीच ना इतकी वर्षं याबद्दल तक्रार करत होता?"

"करत होते. माझी तक्रार खणाची होती, मजकुराची नव्हती."

मग त्यांनी आपली तजवीज सांगितली. पत्ते शेऱ्यात आहेत, पाय पत्त्यात आहे. तीनशे बारा पानांना हात लावायची गरजच नाही, खणांच्या पाट्या तेवढ्या बदलायच्या. शेऱ्याचं नाव पत्ता, पत्त्याचं नाव पाऊल. पाकीट फक्त पत्ता उचलेल. पाऊल कार्यशाळेबाहेर कोणाला दिसणार नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे. डॉक्टर म्हणाले, पाटी बदलल्याने गावगप्पा औषध होत नाहीत. वन्सं म्हणाल्या, मग पारखून घ्या. सोमवारी नवा कारागीर येतोय. त्याला एकच नोंद द्या आणि त्यावरून एक जोड करू द्या. निकाल लागेपर्यंत वहिनी कार्यशाळेत पाऊल टाकणार नाही. जोड बसला तर खण राहील, नाही तर मी स्वतः सगळं पुसते.

"कोणाची नोंद?"

"एकशे सत्तेचाळीस," वन्सं म्हणाल्या. "माझी."

बाकावर बसलेली टाचताई म्हणते की तेव्हा तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. मी म्हणेन, तिला बसला होता. म्हणूनच ती त्या दिवशी घरी आल्यावर सगळे डबे काढून त्यांना चिठ्ठ्या लावत बसली.

ते सगळे दिवस तिने रजा टाकून माझ्याकडे काढले. तिला बसवत नव्हतं. खिडकीशी जाई, परत येई. "रापी कशी धरतो कोण जाणे. कातडं भिजवतो की नाही." संध्याकाळी वन्सं आल्या की ती काही विचारायची नाही, नुसती त्यांच्या पायांकडे बघायची. वन्सं म्हणायच्या, "काय बघतेस? तुझ्यापायी माझा पाय पणाला लावलाय. बरा माणूस आहे. बोलत नाही, हे त्यातल्या त्यात चांगलं." आणि एकदा, "मला बोळात चालायला लावलं. मागून चालत होता."

टाचताई त्यावर पहिल्यांदा खुर्चीत बसली.

शनिवारी जोड तयार झाला. वन्संनी तो आठ दिवस घातला, मोठ्या डॉक्टरांनी स्वतः घोटा दाबून पाहिला, तळवा पाहिला. लाल डाग नव्हता, सूज नव्हती. डॉक्टर म्हणाले, राहू द्या तो खण. आणि जाता जाता त्यांनी विचारलं की त्यांच्या आईची नोंद कितव्या क्रमांकाला आहे. वन्संनी क्रमांक सांगितला, पण नोंद दाखवली नाही. पाऊल कार्यशाळेबाहेर कोणाला दिसत नाही, असं ठरलं होतं ना.

टाचताईने त्या रात्री वन्संच्या दाराबाहेरचा बूट उचलून त्यात बोट घातलं. बोटानेच तिला सूत कळतं. चेहरा उतरला. "अडीच आहे," ती म्हणाली. "मी दोन लिहिलं होतं. वाचता येत नाही का त्याला?"

सोमवारी ती कामावर गेली ती थेट संगणकापाशी. एकशे सत्तेचाळीस काढलं. तिच्या मजकुराखाली नव्या कारागिराने एक ओळ वाढवली होती. ती ओळ तिने मला अशी सांगितली, जसं कोणी आपल्या नातवाचे गुण सांगावेत:

"आठ वर्षांनंतरही भिंतीला हात लावतात. विचारलं नाही. अर्धं सूत वाढवलं."

"टाका जरा मोठा घालतो," टाचताई म्हणाली. "पण वाचता येतं त्याला, बाई."

मी पस्तीस वर्षं निबंध तपासले. आपण लिहिलेलं कोणीतरी नीट वाचून त्याखाली पुढची ओळ लिहावी, याहून मोठे गुण मला तरी कधी देता आले नाहीत. तो कापलेला एक गुण मी तेव्हाच मनात परत केला.

तिच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात कलबुतं नव्या इमारतीत गेली, आणि घरी राहिलेले उस्तादांच्या काळचे, पायांच्या कागदी ठशांचे दोन खोकेही पोचवायचे ठरले. खोके वन्संच्या माळ्यावर होते, अर्थातच चिठ्ठी लावलेले. मी दारात उभी होते. पोस्टमनही नेमका आला होता, आणि मला बसा म्हणत होता. वरून आधी टाचताई उतरली, एक पिशवी घेऊन. तिच्यामागे वन्सं, दोन्ही हातांत एकावर एक दोन खोके, वरच्या खोक्यावर हनुवटी. दुसरा मजला, पहिला मजला, तळमजला. भिंत त्यांच्या उजव्या अंगाला होती आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही कोणीच काही विचारलं नाही. तसं लिहूनच ठेवलेलं होतं.

टाचताईने मात्र भिंतीवरून एक बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

"वन्सं," ती म्हणाली, "हल्ली भिंतीवर धूळ फार साचते."

"मग पूस," वन्सं खोक्याआडून म्हणाल्या. "आणि शेऱ्यात लिहू नकोस. तिथे आता पत्ता असतो."